मास्तरांचा जनरेटर

मास्तरांना काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर "हो, बराबर शे" असंच यायचं. प्रश्न नेमका काय होता हे ते नंतर आपल्यालाच विचारायचे. शाळेतले मास्तर नव्हेत हे. कडोदऱ्याच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करणारे मास्तर. तरुणपणी धुळ्याकडून सुरतेला आले आणि सगळा जन्म मागांच्या खडखडाटात काढला. त्यात कान पार गेले. सुरतेतल्याच बमरोलीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. बँकेतला माणूस म्हणजे सगळं जाणणारा, असा त्यांचा समज होता. तो दूर करायचा तर आधी त्यांना ऐकू यायला हवं होतं.

निवृत्त झाल्यावर लोकांना भिंतीवरचं घड्याळ मिळतं, मास्तरांना जनरेटर मिळाला. कारखान्यात नवा मोठा आला होता, जुना नुसता पडून होता. शेठने विचारलं, नेता का? मास्तर म्हणाले, "हो, बराबर शे." एका सकाळी टेम्पोतून ते डिझेलचं धूड दारात उतरलं आणि गल्लीतला प्रत्येक जण सल्लागार झाला. कुणी म्हणे घर जळेल, कुणी म्हणे इतका मोठा घराला लागतोच कशाला. मलाही तेच वाटत होतं. पण मास्तर मलाच विचारत होते की वायर कुठून कुठे न्यायची, आणि मला तर साधा फ्यूजही बदलता येत नव्हता.

लागत होता तो काकूंसाठी, म्हणजे मास्तरांच्या बायकोसाठी. त्यांची फुप्फुसं थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घुमत असायचं आणि बमरोलीची वीज वेळीअवेळी जायची. उशाशी छोटा सिलिंडर होता, पण वीज गेली की तो लावण्याआधीच काकूंचा जीव घाबरा व्हायचा. मी सुचवलं, एक इन्व्हर्टर घ्या, यंत्र आणि पंखा चालला की झालं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "लाइट गयी की ती घाबरस, आन् घाबरनी की तिना दम कोंडस. आख्खं घर चालू पाहिजे. तिले कळालेच नको लाइट गयी ते."

त्यांनी आपल्या डोक्याने दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवली होती. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या प्लगमध्ये, की झालं घर चालू. पर्वत पाटियाहून आलेल्या इलेक्ट्रिशियनने ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "काका, आम ना थाय. थांभले चढेलो माणस मरी जाय." मला काही उमगेना. मग त्याने समजावलं की अशाने घरातली वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला माणूस तिथेच संपतो. मास्तरांना ते मोठ्याने सांगावं लागलं. ऐकल्यावर ते ती वायर घेऊन पायरीवर बसले. मग त्यांनी तिच्या दोन्ही पिना कापून टाकल्या.

शेवटी मीटरशेजारी चेंजओव्हरचा दांडा बसला. वर केला की सरकारी वीज, खाली केला की जनरेटर. दोन्ही एकदम कधीच नाही. जनरेटर मागच्या मोकळ्या जागेत गेला आणि त्याच्या धुराचा पाइप काकूंच्या खिडकीपासून लांब वळवला. वीज गेली की मास्तर धोतर सावरत मागे धावायचे, तो सुरू करायचे, पुढे येऊन दांडा ओढायचे. घरातले सगळे दिवे लागायचे, देवघरातलासुद्धा. मग काकूंना येऊन सांगायचे, "काही नही, लाइनले झटका उना व्हता."

एका दुपारी मी काकूंपाशी बसलो असताना वीज गेली. गल्लीभरचे माग एकदम थांबले. बमरोलीत अशी शांतता फक्त वीज गेल्यावरच पडते. तान्ह्या पोरालाही ते कळतं. पाठोपाठ भिंतीमागे जनरेटर असा धडधडला की कपाटातली भांडी थरथरली. मास्तर घामाघूम होऊन आले, झटक्याचं सांगितलं आणि खुशीत परत गेले. काकूंनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"माग थांबनात की माले कळस," त्या हळूच म्हणाल्या. "त्यासले ऐकू येत नही. तू सांगू नको."

"मग आता भीती नाही वाटत?"

"वाटस ना. पण मास्तर एवढा पळतस, मंग माले घाबरता येत नही."

त्यानंतर मी त्या घरात नेहमी अवघडूनच वावरलो. मास्तर काकूंपासून वीज जाणं लपवत होते, काकू मास्तरांपासून भीती, आणि दोघांचं गुपित माझ्याकडे. सांगावं तर कुणाला आणि कशासाठी, हे मला कधी ठरवता आलं नाही. पण त्या दोघांवर माझा फार जीव जडला, एवढं मात्र पक्कं.

पावसाळा संपता संपता काकू गेल्या. झोपेतच गेल्या, वीजही गेली नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर मास्तर ओट्यावर बसले होते. समोरच्या कारखान्यातले माग जोरात चालू होते. ते म्हणाले, "येक बरं व्हयनं. लाइट जाये, पण तिले शेवटलोंग कळनं नही." आणि माझ्याकडे बघत राहिले.

"नाही कळलं," मी म्हणालो. त्यांनी कानामागे हात धरला. मग मी घसा ताणून ओरडलो, "नाही कळलं, मास्तर. कधीच नाही." नळावरच्या बायका वळून बघायला लागल्या. पण मास्तरांचा चेहरा असा निवला, की मी तेच पुन्हा एकदा ओरडून सांगितलं.