आईचं मशीन शिर्डीला गेलं

आमच्या गावाचं नाव शिरड शहापूर. साधं, सरळ, एकही जोडाक्षर नाही. पहिलीतलं लेकरू बोट ठेवून वाचेल. एका पार्सल कंपनीला मात्र ते सतरा दिवस वाचता आलं नाही. कंपनीचं नाव मी सांगत नाही, त्यांची तेवढी लायकी नाही. त्या नावात वाऱ्याच्या वेगाचा काहीतरी शब्द आहे, एवढंच सांगतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मी स्वतः कारकून माणूस. तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळून आता रिटायर झालोय. आलेल्या कागदाची नोंद एका रजिस्टरात, गेलेल्याची दुसऱ्यात, आणि कुठला कागद कुणाच्या टेबलावर झोपलाय ते डोक्यात. त्यामुळे खोटी नोंद मला वासावरून कळते. आमचा एक शिपाई टपाल वाटायला जातो म्हणून चहाच्या टपरीवर बसायचा आणि पाकिटावर ‘घर बंद’ असा शेरा मारून परत आणायचा. पण त्याला विचारलं की तो निदान मान तरी खाली घालायचा. या कंपनीला मान आहे की नाही, तेच मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गोष्ट आईच्या कानाच्या मशीनची आहे. आई शहात्तर वर्षांची. मशीन कानात असलं की तिला शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा ऐकू येतं. नसलं की मी तीन-तीनदा ओरडतो, तेव्हा ती म्हणते, "काहून वरडून राहिला? ऐकू येतं मला," आणि भलतंच उत्तर देते. गेल्या हिवाळ्यात एक दिवस ती मशीन न काढताच डोक्यावरून आंघोळ करून बसली आणि मशीन बंद पडलं. नांदेडच्या दुकानदाराने ते दुरुस्तीला पुण्याला पाठवलं. "काका, आता तुमाला चक्कर न्हाई, नीट होऊन थेट घरी येतं," असं तो म्हणाला. मला बरं वाटलं.

त्याच सुमाराला डोंगरकड्याची मावशी अंगणात पडली. ही आईची थोरली बहीण, आई तिला आक्का म्हणते. खुब्याचं हाड मोडलं होतं. वय फार, म्हणून डॉक्टरांनी घरीच न्या म्हणून सांगितलं. या दोघी बहिणी रोज दुपारी चारला फोनवर बोलायच्या. केळीचा घड केवढा पडला, कुणाची सून कशी वागते, कुणाचं पोरगं कुठं लागलं, तेच बोलणं रोज आणि रोज नव्यानं. आता मावशीचा आवाज खोल गेला होता आणि आईचा कान बंद. मी आईला म्हटलं, चल, उद्याच डोंगरकड्याला जाऊन येऊ. बस बदलून अडीच तासांचा रस्ता, त्यात काय.

"मशीन येऊ दे," आई म्हणाली. "आक्काला जोरात बोलता येऊन न्हाई राहिलं, अन मला हळू ऐकू येत न्हाई. नुसतं तोंड बघायला जाऊ का? मला तिच्याशी बोलायचं हाय."

मला ते पटलं. कारण मोबाईलवर मेसेज आलेला होता, आपले पार्सल उद्या पोहोचेल. मी तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईला दाखवला. तिने लगेच परवाची तयारी म्हणून पिशवी भरली आणि मावशीसाठी तिळाचे लाडू करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. जेवण ओट्यावर, पेपर ओट्यावर. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मोबाईल वाजला. ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला. ग्राहक घरी उपलब्ध नाही.’ मी ओट्यावर, समोर रस्ता, आणि रस्त्यावर फक्त शेजाऱ्याची शेळी. प्रयत्न केला असेल तर तिनेच. मी उठून रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन आलो, म्हटलं, आपल्यालाच दिसलं नसेल. बसल्या जागी भरलेली नोंद होती ती. तीस वर्षांत असल्या नोंदींनीच माझे केस पांढरे झाले.

कंपनीला फोन लावला. आधी गाणं, मग एक दाबा, दोन दाबा, मग पुन्हा गाणं. शेवटी एक बाई बोलली, हिंदीत, साखर पेरल्यासारखी. "मैं आपकी परेशानी समझ सकती हूँ, सर." मी म्हटलं, बाई, परेशानी समजू नका, पार्सल कुठंय ते सांगा. ती म्हणाली, आपण घरी नव्हता. मी म्हटलं, मी घरातूनच बोलतोय. ती म्हणाली, आमच्याकडे तसंच दिसतंय. कुठल्या शहरात, कितव्या मजल्यावर बसली होती देव जाणे, पण माझ्या ओट्यावर मी नव्हतो हे ती मला ठासून सांगत होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेवटी माफी मागितली, खेद व्यक्त केला, माझा दिवस शुभ जावो म्हणाली आणि सांगितलं, कल पक्का आ जाएगा, सर.

चौथ्या दिवशी मेसेज आला की पार्सल शहापूर केंद्रावर पोचलं. मला वाटलं, आलं एकदाचं गावात. चपला घालून बस स्टँडवर गेलो, चार दुकानांत विचारलं, आमच्या गावात असलं कुठलं केंद्र आहे का. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मग डोक्यात उजेड पडला. हे शहापूर ते नव्हेच, हे ठाणे जिल्ह्यातलं. पत्त्यात जिल्हा हिंगोली लिहिलेला, तालुका औंढा नागनाथ लिहिलेला, पिन कोडचे सहा आकडे लिहिलेले, आणि यांनी एक शब्द उचलला नि मशीन घाट उतरवून कोकणाच्या वाटेला लावलं. आमच्या कचेरीतला सगळ्यात आळशी माणूसही हिंगोलीचं टपाल ठाण्याला धाडत नव्हता, कारण तेवढे कष्ट करायची त्याची तयारी नव्हती.

परत फोन. या खेपेला मराठी बोलणारा माणूस निघाला, तेवढंच नशीब. तो म्हणाला, "सर, तुमचा पत्ता अपूर्ण आहे. शिरड म्हणजे शिर्डी ना?"

मी म्हटलं, "न्हाई. शिरड म्हंजे शिरड."

"सर, सिस्टीम शिर्डीच घेतेय."

"सिस्टीमला म्हणावं, शिरड हे येगळं गाव हाय. आमी राहतो इथं. माणसं हायेत, घरं हायेत, दर चार-पाच वर्षाला मतं मागायला पुढारी बी येतात. त्यायला बराबर सापडतं."

"बरोबर आहे सर, मी नोंद करून घेतो," तो म्हणाला. त्याने काय नोंद केली कोण जाणे, दोन दिवसांनी मशीन शिर्डीला पोचलं. लोक तिथे दर्शनाला जातात, नवस फेडायला जातात. आईच्या मशीनने कसला नवस बोलला होता कळत नाही, पण ते चार दिवस तिथे मुक्काम करून राहिलं. आणि रोज संध्याकाळी मला न चुकता मेसेज, आपले पार्सल उद्या पोहोचेल.

या मेसेजनेच आमचा घात केला. महिना लागेल म्हणाले असते तर मी दुसऱ्या दिवशी आईला बसमध्ये घातलं असतं, मशीन गेलं खड्ड्यात. हरवलं म्हणाले असते तरी चाललं असतं. पण रोज उद्या, रोज उद्या. उद्या मशीन येणार तर आज कशाला जायचं, असं आम्ही मायलेक रोज एकमेकांना समजावत होतो. मावशीची सून एक-दोन दिवसांआड फोन करायची. सासूला ती आत्याबाई म्हणते आणि माझ्या आईला मावशी. "भाऊजी, आत्याबाई इचारून राहिल्या, मावशी कवा येतात?" मी म्हणायचो, "पार्सल उद्या येतंय, आलं की निघतोच."

एकदा हे वाक्य बोलून फोन ठेवला आणि मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. साहेब दौऱ्यावर गेलेत, उद्या या. सही राहिली आहे, उद्या या. किती लोकांना मी हे ऐकवलं असेल. खिडकीपलीकडच्या माणसाला उद्या काय काम आहे, तो कुठून आलाय, हे विचारायची गरज मला कधी वाटली नव्हती. मला माझी लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग कंपनीवरच निघाला.

बाराव्या दिवशी मी उठून हिंगोलीला त्यांच्या ऑफिसात गेलो. ऑफिस कसलं, एक गाळा. शटर अर्धं खाली, त्यामुळे वाकून आत जावं लागतं, म्हणजे गिऱ्हाइकाने आधी मुजरा करायचा. फरशीवर पार्सलांचा ढीग. एका खोक्यावर लाल अक्षरात ‘नाजूक वस्तू’ लिहिलेलं आणि त्याच खोक्यावर एक धिप्पाड गृहस्थ बसून तंबाखू मळत होते. त्यांनी माझा नंबर मोबाईलवर टाकून पाहिला. "काका, तकलीफ घेऊन आलात, पन तुमचं पार्सल आमच्याकडं दिसून न्हाई राहिलं. दिसलंच न्हाई तर आमी काय करावं?" मी म्हटलं, तक्रारीचं रजिस्टर द्या. ते म्हणाले, ॲपवर करा. मी तिथेच उभ्याने अर्ज लिहिला, विषय, संदर्भ, सगळं टाकून, आणि त्यावर आवक क्रमांक मागितला. ते हसले. हसताना खोकंही हललं. माझ्या अर्जाला आवक क्रमांक न मिळण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ. त्या माणसाच्या तोंडावर मला थुंकावंसं वाटलं होतं, हे कबूल करतो. मी वाकून बाहेर आलो आणि दुपारची बस धरली.

पंधराव्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला, मावशी गेली. आईला ते मला कागदावर लिहून सांगावं लागलं. सख्ख्या बहिणीचं मरण मी तिला वहीच्या पानावर लिहून दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं, पान घडी करून कमरेला खोवलं आणि पिशवी उचलली. डोंगरकड्यात बायका येऊन तिच्या गळ्यात पडत होत्या, काही बोलत होत्या, आणि ती सगळ्यांना मान हलवत होती. कोण काय म्हणालं, तिला काही कळलं नाही.

सतराव्या दिवशी दारात मोटारसायकल थांबली. पन्नाशीचा माणूस, गळ्यात गमछा. त्याला धारेवर धरायचं मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. पण तो म्हणाला, "काका, लई फिरलं हो हे पार्सल. माझ्या हातात आत्ता सकाळी आलं. अन हे गाव तर माझी सासुरवाडी हाय, पत्ता वाचायची बी गरज न्हाई मला." एवढ्या मोठ्या कंपनीत शिरड माहीत असलेला हा एकच माणूस, आणि पार्सल सगळ्यांच्या हातातून फिरून शेवटी त्याच्याकडे आलं. त्याला काय बोलणार? पाणी दिलं, चहा दिला. तो गल्लीच्या तोंडाशी पोचला नसेल तोच मेसेज आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? वरातीमागून घोडं आणि घोड्याच्या पाठोपाठ बक्षीस मागायला कंपनी.

दहाव्याला आम्ही परत डोंगरकड्याला गेलो. आईच्या कानात मशीन होतं. सगळं आटोपल्यावर मावशीची सून आईच्या शेजारी येऊन बसली आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलायला लागली. आईने तिचा हात धरला. "हळू बोल, बाई. ऐकू येतं आता."

मग ती हळू बोलली. "रोज चार वाजले की इचारायच्या, धाकली आली का? मी म्हनायची, उद्या येऊन राहिल्या. बरं, म्हनायच्या, उद्या तर उद्या. शेवटी शेवटी इचारनंच सोडलं. मी म्हनलं, काहून हो आत्याबाई, आज मावशीचं इचारलं न्हाई? तर म्हनल्या, न्हाई इचारत. माझ्यापाई तुला रोज खोटं बोलावं लागतं."

मी उठून बाहेर केळीच्या बागेपर्यंत गेलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. गाडी भरलेली, इंजिनचा आवाज, वर कंडक्टरची ओरड. कळमनुरी मागे पडल्यावर तिने माझ्याकडे वळून विचारलं, "मधी एखांद्या दिवशी जाऊन आलो असतो तर जमलं नसतं का रे?"

कंपनीचा तक्रार क्रमांक मला तोंडपाठ होता. शहापूर, शिर्डी, ते शटर, सगळं सांगता आलं असतं, आणि त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. मी हळूच म्हणालो, "जमलं असतं."

तिने पुन्हा विचारलं नाही. पहिल्याच वेळी तिला नीट ऐकू आलं होतं.