कीपरच्या कपाळावरचं कुंकू

अगं, फोन कानाला धर आणि जरा खुर्ची ओढून जवळ बस बघू, तिकडे केंब्रिजमध्येच का होईना. नुसतं 'येते मावशी, नक्की येते मावशी' ऐकून माझे कान किटले. लंडनमधलं स्टॅनमोर काय चंद्रावर आहे?

माझी सिगारेट कार्डं तुला माहीत आहेत. पूर्वी इथे सिगारेटच्या पाकिटात क्रिकेटपटूंच्या चित्राचं पुठ्ठ्याचं कार्ड यायचं, बोटभर. ती मी जमवते. आधी मिळेल ते घ्यायचं, मग कोपरे धड असलेलं मिळालं की जुनं काढून ते बसवायचं. असं करत माझा एक पूर्ण संच चकाचक झाला. राहिला एकटा विकेटकीपर. त्याच्या पोटावरून आडवी घडी गेलेली.

चर्च हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी कार्डांचा बाजार भरतो. तिथला एक म्हातारा विक्रेता मला पहिल्यापासून शिकवत आलाय. मी दिसले की आपला ट्रे माझ्यापुढे सरकवायचा आणि खुशाल चहा आणायला जायचा. दसऱ्याच्या आधी त्याने स्वतःच्या संग्रहातला कीपर मला घरी न्यायला दिला. जुन्या छपाईत आभाळाचा रंग कधी निळा, कधी राखाडी. म्हणाला, घरी तुमच्या संचाशेजारी ठेवून उजेडात बघा, जुळला तर पुढच्या वेळी बोलू. चिठ्ठी नाही, काही नाही.

रंग जुळला गं, राखाडीला राखाडी! मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून अल्बमवर ठेवला. दसऱ्याला यांनी पूजा मांडली. स्टेथोस्कोप, गाडीची किल्ली, माझी शिवणाची कात्री आणि माझा अल्बम. मी पुऱ्या तळत होते. बाहेर येऊन बघते तर कीपर पाकिटाबाहेर, आणि तोंडावर ओलं हळदकुंकू. कार्ड केवढं, यांचं बोट केवढं! अख्खा चेहरा लाल.

"प्लास्टिकवर कुंकू टिकत नाही," हे म्हणाले.

मी गॅस बंद केला. तोवर हे कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन हजर. सगळा जन्म हॉस्पिटलात काढला, हात स्वस्थ बसेना. मी मधे उभी राहिले.

"अहो, हात लावू नका. ते आपलं नाही."

तेव्हा कुठे यांचा चेहरा उतरला. श्रीखंड तसंच राहिलं. ओलं लावलं तर रंग पसरेल, खरवडलं तर कागद निघेल. मी पुढचे सगळे दिवस येता-जाता त्या कार्डाकडे बघत होते, जसं काही आपोआप पुसलं जाणार होतं. हे एकदाच म्हणाले, टपालाने पाठव आणि वाटेत खराब झालं सांग. मी नुसतं बघितलं, तर पेपर उघडून बसले.

रविवारी हॉलमध्ये मी कार्ड त्याच्यापुढे ठेवलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. पूजा म्हणजे काय तेही सांगावं लागलं. त्याने भिंग लावलं. किती वेळ लावलं! मग म्हणाला, "तुमचं द्या. हे आता तुमच्या घरचं झालं."

मी घडीवाला काढून दिला. त्याने तो आपल्या चांगल्या संचात सरकवला आणि वही मिटली. रागावला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तो हसतो, नमस्कारही करतो. पण ट्रे पुढे सरकवत नाही. एकेक कार्ड स्वतः उचलून, हातात धरूनच दाखवतो.

आता ऐक. तुझ्या घरामागच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक कीपर आहे. फोनवर मालक म्हणाला, कोपरे स्वच्छ, आभाळ राखाडी. मी ठेवून घ्यायला सांगितलंय. तो त्याच्या संचात बसवल्याशिवाय मला त्या टेबलाशी उभं राहवत नाही.

तर तू जा, जाड पुस्तकात घालून घे, आणि या रविवारच्या आत ये. सोबत हॉलमध्येही चल माझ्या. आणि दारात काका भेटले तर त्यांच्या हातात देऊ नकोस.