माझ्या वहीतला प्रोग्राम

पहिल्या वर्षी कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही एका कॉम्प्युटरवर तिघीतिघी बसायचो. घरी लॅपटॉप कुणाकडेच नव्हता. म्हणून जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आम्ही वहीत शिकलो, म्हणजे प्रोग्राम पाठ केले. कंस, अर्धविराम, सगळं कवितेसारखं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अभ्यास असाच करायचा असतो, असं मला खरंच वाटायचं.

माझी एक मैत्रीण सदलग्याहून बसनं निपाणीला यायची. तापात तिचे दोन आठवडे बुडाले, तेव्हा मी तिला माझी वही दिली. वहीवर सरांची लाल सही होती. त्यांनी प्रोग्राम चालवून पाहिला नव्हता, हे आम्हा दोघींच्याही मनात आलं नाही. तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की एक जरी विषय राहिला, तर कॉलेज बंद.

प्रॅक्टिकलला आम्हा दोघींना एकच प्रोग्राम आला. दिलेला शब्द उलटा करायचा आणि तो मूळ शब्दासारखाच आहे का, ते सांगायचं. मी पाठ केलेलं टाइप केलं, इंग्रजीत 'नयन' दिला, आणि पडद्यावर चूक दाखवणाऱ्या लाल ओळी आल्या. अक्षरं पाच होती, पण मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटचं अक्षर चार नंबरचं. माझा लूप, म्हणजे एकेक अक्षर उचलणारी फेरी, पाचपासून सुरू होत होता. पाचवर काहीच नव्हतं. हे सापडायला अर्धा तास गेला. तरीही उत्तर 'नाही' असंच येत राहिलं. दोन स्ट्रिंग, म्हणजे सुलटा आणि उलटा शब्द, मी बरोबरच्या दोन चिन्हांनी ताडून पाहिल्या होत्या. त्यानं अक्षरं तपासली जात नाहीत, त्यासाठी 'इक्वल्स' लागतं, हे अगदी शेवटी आठवलं, आणि उत्तर 'हो' आलं.

पुढच्या रांगेत तिच्या पडद्यावर त्याच लाल ओळी होत्या. तिनं एकदा वळून पाहिलं. मी कीबोर्डकडे पाहिलं.

नंतर स्टँडवर ती म्हणाली, "वहीत हाय तसंच लिवलं गं मी."

"टाइप करताना कायतरी चुकलं असंल तुझं," मी म्हणाले.

"व्हय, असंल." तिला ते पटलं होतं.

मी पास झाले, तिचा विषय राहिला. निकालानंतर तिच्या वडिलांचा मला फोन आला. पोरीला डोकं आहे का नाही, तेवढं खरं सांग, म्हणाले. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, असं मी सांगितलं. ते खरंच होतं.

"मग नापास कशी झाली?"

"प्रोग्रामच अवघड होता, काका."

"मग तुला कसा सुटला, बाळ?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना ते समजून घ्यायचं होतं. वहीतली चूक मी सांगितली नाही. त्यांनी फोन ठेवला. पुढच्या सोमवारी सदलग्याची बस आली, पण ती उतरली नाही.