समोरच्या खोलीतला वर्ग

उस्मानपुऱ्यातल्या भानुमतीबाईंच्या फ्लॅटला एकच दार आहे आणि ते समोरच्या खोलीत उघडतं. मे महिन्यापासून तिथं त्यांचे निवृत्त प्राध्यापक यजमान, व्यंकटराव, येमेन आणि सुदानच्या सात विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवतात. विद्यापीठ उघडण्याआधी मुलांची भाषा तयार व्हायला हवी, म्हणून वर्ग सकाळी दहा ते संध्याकाळी पाच चालतो.

मुलं फार अदबशीर आहेत. घरातली बाई दिसली की सातही जण उठून उभे राहतात आणि मान खाली घालतात. विस्कटलेला पाठ पुन्हा जुळायला पाच मिनिटं जातात. "तू मधेमधे बाहेर येऊ नकोस," असं व्यंकटरावांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

पैठणच्या धाकट्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. भानुमतीबाईंनी तिला तीनदा 'येते' म्हणून कळवलं, पण दहाच्या आत घरचं आवरेना आणि पाचनंतर पैठणला जाऊन परतणं जमेना.

"स्वतःच्याच घरातून वाट मिळेना होय गं ताई?" बहीण फोनवर हसली.

गुरुवारी दुपारी त्यांनी ठरवलंच. इस्त्रीची साडी नेसून, पिशवी घेऊन त्यांनी पडदा सारला. सात खुर्च्या सरकल्या, सात माना खाली गेल्या.

व्यंकटरावांनी पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं, "चहा का?"

सगळे उभेच होते. नाही म्हटलं तर मुलांसमोर यांना कमीपणा येणार.

"आणते," त्या म्हणाल्या.

पातेलं गॅसवर ठेवून त्यांनी बहिणीला फोन लावला. "आज नाही गं जमत. वर्ग चालू आहे."

"संपतो कधी?"

"जुलैत."