सहावी नळी

डिम्पना गिलहूलीने आयुष्यात बिअरचा थेंबही जिभेला लावलेला नाही. आणि तरी गेली नऊ वर्षं ईमर रूर्कच्या कारखान्यातून तिने वास घेतल्याशिवाय एकही पिंप बाहेर पडलेलं नाही.

बारा वर्षांची असताना, चर्चमध्ये श्रद्धेच्या दृढीकरणाचा विधी झाला तेव्हा, तिच्या वर्गातल्या सगळ्याच मुलांनी दारू न पिण्याची शपथ घेतली होती. बाकीच्यांची शपथ अठरावं लागेपर्यंत टिकली, काहींची त्याआधीच सुटली. डिम्पनाची अडुसष्टाव्या वर्षीही चालू आहे. शपथेची खूण म्हणून कोटावर येशूच्या हृदयाचा छोटा बिल्ला असतो. त्यामागे मोठं दुःख वगैरे काही नाही. तिचे वडील पबवाले. पबच्या वरच्याच खोल्यांत ती वाढली, आणि तिसऱ्या ग्लासानंतर माणसं तेच तेच बोलतात हे तिला लहानपणीच कळलं. "मला कंटाळा येतो," एवढंच कारण ती देते.

सोळाव्या वर्षी ती गावच्या डेअरीत लागली, लोण्याची प्रत ठरवायच्या कामावर. लोण्याच्या पेटीत पोकळ सळई खुपसायची, आतलं लोणी नाकाशी न्यायचं आणि सांगायचं. कुणाच्या गाईने रानलसूण खाल्ला, कुणी कॅन नीट धुतला नाही, हे ती नावानिशी सांगायची आणि शेतकरी चरफडायचे. पुढे डेअरी बंद पडली. वीस वर्षं ती शेड रिकामी होती. मग रूर्कांची ईमर डब्लिनमधली बँकेची नोकरी सोडून परत आली आणि तिने तिथे बिअरच्या टाक्या बसवल्या. हे एक उन्हाळा टिकेल असं गावाने धरलं होतं, फार तर दोन. डिम्पना तिच्याकडे बाटल्या धुवायला गेली, कारण नवऱ्याचे गुडघे गेले होते आणि तो दिवसभर स्वयंपाकघरात बसून तिला चहा कसा करायचा ते सांगत असे.

तिसऱ्याच आठवड्यात ती एका टाकीपाशी थांबली आणि म्हणाली, "यात लोणी कुणी टाकलंय?"

ईमरने तीच बिअर सकाळी दोनदा चाखली होती. तिला काही लागलं नव्हतं. पण यीस्टचं काम पुरं व्हायच्या आत घाईने टाकी थंड केली की बिअरला लोण्याचा वास धरतो, हे तिला माहीत होतं, आणि घाई तिने केली होती. टाकी आणखी चार दिवस उबेत ठेवली, वास गेला. तेव्हापासून रीतच पडली. बरणीत थोडी बिअर घ्यायची, झाकण लावून अर्धा तास गरम पाण्यात ठेवायची, निवाली की डिम्पनाच्या नाकाखाली धरायची. ती "जाऊ दे" म्हणते, नाही तर "थांब" म्हणते. जास्त बोलत नाही.

गेल्या मार्चमध्ये मॅलाकी कीव्हनीचा फोन आला. मॅलाकी हा डिम्पनाचा धाकटा भाऊ, वडिलांचा पब आता तोच चालवतो. त्याच्या काउंटरवर सहा नळ आहेत. पाच मोठ्या कंपनीचे, सहावा ईमरचा. गावात ईमरला मिळालेला तो एकच नळ.

फोन ठेवून ईमर बाटल्यांच्या खोलीत आली. "म्हणतोय, बिअरला लोण्याचा वास येतो. लोक अर्धा ग्लास तसाच टाकून उठतात. पहिल्या तारखेपासून नळ कंपनीला देणार."

"कुठल्या टाकीची?"

"तीन नंबर. अजून बाराशे लिटर आहे तिच्यात." ईमर जरा थांबली. "डिम्पना, रागावू नका. नाताळात तुम्हाला तो ताप येऊन गेला. माझ्या मावशीचं नाक त्यानंतर परत आलंच नाही."

डिम्पना रागावली नाही. तिने त्याच टाकीच्या जपून ठेवलेल्या दोन बाटल्या काढल्या, पाणी गरम केलं, अर्धा तास घड्याळ लावून बसली. मग वास घेतला. भाजलेला सातू, थोडी संत्र्याची साल. बाकी काही नाही.

"टाकी चांगली आहे," ती म्हणाली. "पिंपातून नळाकडे जाते त्या नळीत खोट आहे. न धुतलेल्या नळीतही हाच वास धरतो."

"ते मी त्याला सांगू?" ईमर म्हणाली. "पबवाल्याला तुझ्या नळ्या घाण आहेत म्हणायचं? उद्या अख्ख्या लेट्रिम परगण्यातला एकही पबवाला मला दारात उभं करणार नाही. त्यापेक्षा टाकी ओतते आणि चूक माझी म्हणते."

"ओतू नकोस. मी जाते."

"तुमचा भाऊ आहे म्हणून तो ऐकेल?"

"भाऊ आहे म्हणूनच ऐकणार नाही," डिम्पना म्हणाली आणि कोट चढवला.

नळी का घाण झाली हे तिला बाटली उघडायच्या आधीच कळलं होतं. कंपनीचा माणूस दर तीन आठवड्यांनी येतो आणि आपल्या पाच नळ्या धुऊन जातो. सहावी त्याची नाही. ती उना धुवायची, मॅलाकीची बायको. कशी धुवायची ते तिला डिम्पनानेच शिकवलं होतं, डेअरीतल्या दुधाच्या नळ्यांसारखंच काम. आणि उना नोव्हेंबरात वारली. अंत्यविधीपासून मॅलाकीने तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. कुणी काढलं तर तो ग्लास पुसायला वळे. आता त्याला खरं सांगायचं म्हणजे हेच नाव घ्यायचं, नाही तर ईमरची टाकी गटारात आणि नळ कंपनीला.

दुपारी दोनला पब उघडलेला नव्हता, पण मॅटी लाव्हिन आत होता. तो रोज वर्तमानपत्र वाचायला मागच्या दाराने येतो.

"मिसेस गिलहूली," तो म्हणाला, "पबात? कोण गेलं?"

"तू नाहीस हे दिसतंय," डिम्पना म्हणाली. "मॅलाकी, थंड खोलीची किल्ली दे."

"कशाला?"

"दे."

मॅलाकी किल्ली घेऊन स्वतःच पुढे झाला. खोलीत पिंपं रांगेने होती. पाच नळ्यांना कंपनीच्या चिठ्ठ्या, त्यावर धुतल्याची तारीख. सहावीला काही नाही. डिम्पनाने सांधा सोडवला आणि नळीचं तोंड त्याच्यापुढे धरलं.

"घे वास."

"मी काय वास घेऊ? कंपनीचा माणूस दोन आठवड्यांपूर्वी येऊन गेला."

"तो पाच धुतो. मोज चिठ्ठ्या."

त्याने मोजल्या नाहीत. "नऊ वर्षं कुणी तक्रार केली नाही, डिंप. तू त्या ईमरचा पगार खातेस, तू तिचीच बाजू घेणार."

"नऊ वर्षं ही नळी धुतली जात होती."

"कोण धूत होतं? मी तर नाही."

डिम्पनाने दार अर्धं लोटलं. दारामागे खिळ्याला मिशनवाल्यांचं गेल्या सालचं कॅलेंडर लटकत होतं. एक सोडून एक सोमवारी पेन्सिलीची बारीक खूण. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यानंतर कोरं. खाली फळीवर नळी धुवायच्या औषधाचा कॅन आणि गुलाबी रबरी हातमोजे, घडी घालून ठेवलेले.

मॅलाकी बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिला.

"सोमवारी मी बँकेत जायचो," तो म्हणाला. "मग बाजारात. ती म्हणायची, जा, माझी इथली कामं आहेत." थोड्या वेळाने म्हणाला, "तिने कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलंस?"

हे तिला बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली. मॅलाकीचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. तो आता आपल्याला हाकलणार असं तिला वाटलं.

"मलाही जानेवारीतच सुचायला हवं होतं," ती म्हणाली. "तिला शिकवलं मीच. मी रोज इथून जाते, खिडकीतून तुला हात करते. मला सुचलं नाही. हातमोजे इकडे दे, मी धुते."

"नको." त्याने हातमोजे उचलले. त्याचा अंगठाही त्यात शिरेना. त्याने ते होते तसे घडी घालून फळीवर ठेवले आणि बाही वर केली. "दाखव."

"हात जळतील. ते औषध आहे, पाणी नाही. जा, भांडी घासायचे तुझ्या मापाचे घेऊन ये."

मग तिने दाखवलं. औषध नळीत ओढायचं, वीस मिनिटं राहू द्यायचं, मग पाणी, पाणी, आणखी पाणी. मॅलाकी काउंटरपाशी नळ धरून उभा होता. पहिल्यांदा जे बाहेर आलं ते बघून मॅटीने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"हे आम्ही पीत होतो?"

"तू काहीही पितोस," मॅलाकी म्हणाला.

पाणी स्वच्छ आल्यावर नळी परत पिंपाला जोडली. पहिले दोन ग्लास ओतून तिसरा मॅलाकीने बहिणीसमोर धरला. तिने वास घेतला. "जाऊ दे," ती म्हणाली. त्याने एक घोट घेतला, मग दुसरा, आणि तिथूनच ईमरला फोन केला.

"टाकी ओतू नकोस. पहिल्या तारखेचं विसर." पलीकडून ती काहीतरी विचारत असावी. "नाही, तुझी चूक नव्हती," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

डिम्पनाला वाटलं, झालं. गावात कुणाला कळायचं कारण नाही. मॅटीला कळलं होतं, पण मॅटी कधीच काही धड सांगत नाही. तरीही तिला राहवलं नाही. सहा वाजता नवऱ्याला घेऊन परत आली, त्याचे दोन ग्लास होईस्तोवर चहा घेऊन कोपऱ्यात बसली. डोनल नावाच्या पोस्टमनने सहाव्या नळाकडे बोट करून विचारलं, "ते लोणी गेलं का?"

"गेलं," मॅलाकी म्हणाला.

"ईमरने काय केलं मग?"

डिम्पनाने मान खाली घातली. मॅलाकी ग्लास पुसत होता. त्याने तो पुसून पालथा ठेवला.

"ईमरने काही नाही केलं. नळी घाण होती. माझ्याच पबची." आमच्या गावात पबवाल्याच्या तोंडून असं ऐकलेलं कुणाला आठवत नाही. "उना धुवायची ती. मला माहीतच नव्हतं. ती गेल्यावर राहून गेलं."

चार महिन्यांनी ते नाव काउंटरवर आलं होतं. मग मॅटी म्हणाला, "मला एकदा तिने नळी धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन बाहेर काढलं होतं. सोमवारी सकाळी. म्हणाली, पाय वर घे, नाही तर तुलाही धुते."

"कधी?" मॅलाकीने विचारलं.

"अरे, किती वेळा," मॅटी म्हणाला. "तू असायचास कुठे?"

मॅलाकीने हातातलं फडकं ठेवलं, काउंटरवर कोपरं टेकली आणि म्हणाला, "सांग."