पोकळ पेट्या

वडील गेल्यावर त्यांचे दोन जुने स्पीकर मी मामेभावाला दिले. कमरेएवढ्या सागवानी पेट्या होत्या त्या, पुढे तपकिरी जाळीचं कापड. माझ्या दोन खोल्यांत त्या मावत नव्हत्या, आणि हा लहानपणी त्यांच्यासमोर मांडी घालून तासन्‌तास गाणी ऐकायचा. "दादा, असा आवाज आता कुठं भेटते?" म्हणत त्यानं त्या हौसेनं नेल्या.

गेल्या महिन्यात त्याच्या रामदासपेठेतल्या नव्या फ्लॅटवर जेवायला गेलो. पेट्या पॉलिश करून बैठकीत मांडल्या होत्या. जुन्या आवाजाची मजाच वेगळी, असं तो पाहुण्यांना सांगत होता आणि ते माना डोलवत होते. मला मात्र गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं पातळ लागलं. मी वाकून कापड बाजूला केलं. आत मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर चिकटवलेला होता आणि बाकीच्या जागेत दारूच्या बाटल्या.

"आतलं काय केलंस?"

"भंगारात देलं. काहून दादा? आवाज तर येऊनच राहिला न! अन्‌ दिसाले कशा भारी दिसतात."

पाहुणे हसले. वडील त्या कापडावर कोणाला बोटही टेकवू देत नसत. त्या चकचकीत पॉलिशची, त्या डोलणाऱ्या मानांची मला किळस आली. ताटावर बसलो, पण दोन घासांतच ताट सरकवलं. शेवटी हात धुऊन निघालो.

तो लिफ्टपर्यंत मागे आला. "एवढं वाईट वाटून राहिलं तर घेऊन जा परत."

त्या पेट्यांना हात लावायचीही इच्छा उरली नव्हती. "राहू दे," म्हणालो आणि जिन्यानं खाली उतरलो.