टिनावरचे आठ दगड

लोखंड कापलं की भुगा पडतोच. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा तेवढाच. अकोल्याला माझ्या वसंताचं टिनाचे शेड बांधायचं वर्कशॉप आहे, तिथल्या गोष्टींचंही तसंच. दुपारी मी डबा घेऊन जाते अन् दोन-चार ऐकून येते. मला अक्षर येत नाही, पण ऐकलेलं सांडत नाही.

सगळ्यात जास्त भुगा पडला तो ठाकूरसाहेबांच्या गोठ्यापायी.

साहेब हिमाचलचे. नोकरीला अकोल्यात होते, तेव्हा वसंताचे शेड वादळात टिकलेले त्यांनी पाहिले. रिटायर होऊन गावी गेले, अन् मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्यानं त्यांच्या गोठ्याचं छत बसलं. एक गाय दबून मेली, तीन उरल्या. फोनवर म्हणाले, नवा गोठा तुम्हीच करा, ट्रकनं पाठवा. वसंतानं हो म्हटलं, अन् मग त्याला आठवलं की आपण बर्फ फक्त रसवंतीवर पाहिलाय!

*

आमचा वेल्डर रफीक ताडासारखा उंच. त्यानं फोनवर विचारलं, बर्फ पडते किती? उत्तर आलं, कमर तक. रफीकनं आधी स्वतःकडे पाहिलं, मग वसंताकडे. वसंता त्याच्या खांद्याला लागतो.

"साहेब, कमर कोनाची धरू?"

"ऊँचे वाले की."

*

आमच्याकडे वादळात टिन उडतात. म्हणून शेड झालं की वर आठ चपटे दगड ठेवायचे, हा रफीकचा नेम. माझी नात पल्लवी अमरावतीला इंजिनिअरिंग शिकते. तिनं नकाशा काढला, उतार इतका उभा की बर्फ थांबूच नये. रफीकनं त्यावर पेन्सिलीनं आठ गोल काढले.

"हे काय काका?"

"दगड."

पल्लवी म्हणाली, "बर्फ घसरन तं दगड नाही घसरनार का? गाईच्या डोक्यात पडतीन."

रफीकनं गोल पुसले. पण गुपचूप साहेबांना फोन करून विचारलंच, तुमच्याकडे दगड भेटतात का म्हणून.

"भाई, हम पहाड़ में ही रहते हैं."

रफीकचं समाधान झालं नाही. फोन ठेवून पुटपुटला, "तिकडचे गोल असतीन."

*

वसंतानं फोटोत बर्फ पाहिला. कापसासारखा दिसला, म्हणून कापसाचं वजन धरून त्यानं बारीक पाईप निवडले.

"हलकं असते माय."

मी बार्शीटाकळीच्या वावरात जन्मभर कापूस वेचला. म्हटलं, "पाणी पडलेल्या कापसाचं गाठोडं उचललं का कधी?" अन् एक गाठोडं आणवून हौदात बुडवलं. रफीक उचलायला गेला, अर्ध्यातच टाकून कंबर धरून मटकन खाली बसला.

"मावशी, कमर तक काहून म्हन्ते ते आता समजलं."

पल्लवीनं तिच्या सरांना विचारून वजन नव्यानं धरलं. पाईप जाड झाले, छताला खालून पेलणाऱ्या लोखंडी कैच्या एकमेकींच्या जवळ आल्या.

*

गोठा आधी आमच्याच आवारात उभा केला. बर्फाच्या वजनाची रेतीची पोती वर चढवून दोरांनी बांधली. दोन दिवस छत हललं नाही. मग बर्फ कसा घसरतो ते पाहायला दोर सोडले. पोती घसरली ती धडाधड दारासमोर, अन् तिथंच वसंताची स्कूटी उभी होती. दार पार बुजलं. पल्लवी आत कैच्या पाहत होती.

आतून तिचा आवाज आला, "बाबा, दार बाजूच्या भिंतीत घ्या."

*

गोठा सुटा करून ट्रकनं गेला, तिकडे उभाही राहिला. पौषात तिकडे बर्फ पडायला लागला अन् साहेबांचा फोन लागेना. तीन गाईंतली एक गाभण. वसंता डबा उघडायचा अन् तसाच झाकायचा.

"माय, कैची वाकली असन तं?"

"ओला कापूस धरला ना आपन," मी म्हटलं. पण घास मलाही गोड लागत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. वसंतानं स्पीकर लावला.

"छत सीधी खड़ी है, वसंतभाई. बर्फ सारी फिसल गई, दरवाज़ा खुला है. तीनों गायें बैठके जुगाली कर रही हैं."

गाई रवंथ करताहेत ऐकून वसंता लोखंडाच्या ढिगावरच बसला.

"बस एक दिक्कत है," साहेब म्हणाले. "ट्रक में आपने जो आठ पत्थर भेजे थे ना, तीन बार ऊपर चढ़ाए. टिकते ही नहीं."

वसंतानं रफीककडे पाहिलं. रफीकनं वेल्डिंगची काळी काच तोंडापुढे धरली.